ओढ

२००८ साली आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता. मथळा होता ‘डिझेलची होळी’. इलिनॉयमधल्या आमच्या काउंटीच्या जत्रेत मी पहिल्यांदा ‘ट्रॅक्टर पुल’, म्हणजे ट्रॅक्टरांच्या ओझं ओढण्याच्या शर्यती पाहिल्या होत्या आणि त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. लेख गाजला. गाजला म्हणजे पुढच्या पॉटलकला तिघाचौघांनी पाठ थोपटली. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. ‘हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे’ हे एक, आणि ‘ज्यांच्या दारातून कधी ट्रॅक्टर गेला नाही, तेच ट्रॅक्टरशी खेळू शकतात’ हे दुसरं. दुसऱ्यावर मी फार खूश होतो.

आजचं हे लिहिणं त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. ते चुकीचं होतं, आणि ते कळायला मला अकरा वर्षं लागली.

आधी खेळ काय ते सांगतो, कारण मराठी माणसाला ‘शनिवारी पुल आहे’ म्हटलं की भलतंच ऐकू येतं. मंडळातल्या एका वहिनींनी मला ‘सादर कोण करणार?’ असं विचारलं होतं. तर, मातीचा एक लांब पट्टा असतो. पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेला, तीनशे फुटांच्या आसपास. ट्रॅक्टरच्या मागे साखळीनं लोखंडी गाडा अडकवतात, त्याला स्लेड म्हणतात. गाड्यावर वजनांची पेटी असते. सुरुवातीला ती मागच्या चाकांवर असते, त्यामुळे गाडा सहज निघतो. पण गाडा जसा पुढे जातो तशी पेटीही त्याच्यावर पुढे सरकते आणि तिचा भार पुढच्या लोखंडी तव्यावर यायला लागतो. तव्याला चाकं नाहीत, तो माती खरवडत जातो. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं वाढत जातं. ही यंत्रणा नव्हती त्या काळात पट्ट्याच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी असत आणि गाडा जवळून जाताना एकेक जण त्यावर पाय ठेवून चढत असे. तीनशे फूट पार केले की ‘फुल पुल’. नाही तर जिथे चाकं जागच्या जागी फिरायला लागतील तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर घेऊन अशा शर्यती १९२९ पासून मिसुरी आणि ओहायोत सुरू झाल्या, आणि १९६९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली.

यात दोन जाती आहेत, आणि माझी पहिली लबाडी इथेच होती. एक जात राक्षसी. एकाच चेसिसवर तीन-चार इंजिनं, हजारो अश्वशक्ती, कानठळ्या आणि आभाळभर काळा धूर. दुसरी ‘अँटिक’ वर्गाची. मूळ इंजिन, मूळ ठेवण, मागच्या हूकच्या उंचीवर मर्यादा आणि वेग जेमतेम चालत्या माणसाइतका. त्यापेक्षा वेगात गेलात तर बाद. मी धूर पाहिला आणि लेख दोन्हींवर लिहिला. अँटिक वर्ग चालू होता तेव्हा मी भाजलेल्या कणसांच्या रांगेत उभा होतो.

पण लबाडीच्या मुळाशी एक खरं दुखणं होतं. ते लेखात मी लिहिलं नव्हतं.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं. सांगली म्हटल्यावर लोकांना ऊस आणि कृष्णाकाठ आठवतो. आमच्याकडे ज्वारी, कुसळं आणि आभाळाकडे पाहणं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९७९ साली कर्ज काढून जुना बी-२७५ घेतला. कांदिवलीत बनलेला. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा तिघांनी १९६३ साली मिळून काढलेल्या कंपनीचा तो ट्रॅक्टर, आराखडा ब्रिटनमधला. गावात तरुण लोक त्याला महिंद्रा म्हणत, जुने ‘इंटरनॅशनल’ म्हणत. आण्णा फक्त ‘ट्रॅक्टर’ म्हणत, कारण पंचक्रोशीत दुसरा नव्हता. स्वतःचं रान थोडं, पण भाड्यानं नांगरट मिळायची. बॅटरी कायम उतरलेली असायची आणि नवी घ्यायला पैसे नसायचे, म्हणून आण्णा तो घरासमोरच्या उतारावर लावत. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी पळू द्यायची, क्लच सोडला की सुरू. सगळ्या गल्लीची पहाट त्या आवाजानं व्हायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पावसानं लागोपाठ ओढ दिली. शेत नांगरायला लोकांकडे पैसे नाहीत, म्हणजे आण्णांकडे हप्त्याला पैसे नाहीत. १९८७ साली एका दुपारी वसुलीवाले आले. आपल्याकडे ‘ट्रॅक्टर ओढून नेला’ असं म्हणतात. आमचा ओढावाही लागला नाही. त्यांच्यातल्या एकानं सीटवर बसून ब्रेक सोडला. उतारावर लावायची आण्णांची सवय त्यांच्या कामी आली. मी सोळा वर्षांचा होतो आणि ओसरीवर गणिताचं पुस्तक धरून बसलो होतो. पुस्तक मी खाली ठेवलं नाही.

असा मुलगा पुढे इंजिनिअर होऊन, हायड्रॉलिक्सच्या नोकरीवर अमेरिकेत येतो आणि इथे म्हातारे लोक निव्वळ हौसेसाठी दहा-दहा ट्रॅक्टर बाळगताना बघतो. त्याला राग येणार. माझा राग प्रामाणिक होता. फक्त ज्यांच्यावर होता त्यांची चौकशी मी केली नव्हती.

२०११ मध्ये आम्ही गावाच्या कडेला घर घेतलं. शेजारी सत्तरी ओलांडलेले, अंगानं किडकिडीत आणि बोलण्यानं त्याहून. त्यांच्या शेडमध्ये तीन जुने ट्रॅक्टर होते. एकदा त्यांनी हाक मारली, ‘टॉर्च धरायला ये.’ त्यांचा फार्मॉल एच जाम झाला होता. सिलिंडरांत ॲसिटोन आणि ट्रान्समिशन तेलाचं मिश्रण ओतून ते तीन आठवडे वाट पाहत होते. मी टॉर्च धरला आणि ट्रॅक्टरवर ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ ही अक्षरं वाचली. आमच्या बी-२७५ चं मूळ घराणं. हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसता टॉर्च हलला, त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फार्मॉल एच हा काही दुर्मीळ दागिना नव्हे. १९३९ ते १९५३ दरम्यान तो तीन लाख नव्वद हजारांच्या घरात बनला. रेमंड लोई या नावाजलेल्या आरेखनकारानं त्याला तो गोलाईदार लाल चेहरा दिला, पण काम त्याचं साधं होतं. पंचवीस-सव्वीस अश्वशक्ती, पुढे जवळजवळ जोडलेली दोन चाकं, मधल्या आकाराच्या शेताला पुरेल इतका जीव. असे ट्रॅक्टर जमवणाऱ्यांना इथे ‘कलेक्टर’ म्हणतात. मला तो शब्द ऐकला की नाणी आणि तिकिटं आठवायची. शेजाऱ्यांच्या शेडमध्ये मात्र जमवणं कमी आणि सोडवणं जास्त होतं. गंजलेला बोल्ट सोडवायचा, अडकलेला पिस्टन सोडवायचा. टायरमध्ये वजनासाठी पूर्वी क्षाराचं पाणी भरत, त्यानं रिम खाल्लेली असे, ती खरवडायची. मी दर शनिवारी जायला लागलो. बायको म्हणाली, ‘होळीला लाकडं घालायला निघालात का?’

हँडल मारायला त्यांनी शिकवलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधी दाबायचं नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे, मोडायला नको. चौथ्या ओढीला मॅग्नेटोचा टक्क असा आवाज आला आणि एच सुरू झाला. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. स्वतःच्या लेखाविरुद्ध पहिली साक्ष मीच दिली होती.

तरी मत बदललं नव्हतं. माझी सोयीची समजूत अशी झाली की ट्रॅक्टर दुरुस्त करणं ठीक, ते ज्ञान आहे. पण त्यानं शर्यतीत ओझं ओढणं हा माज आहे. ही समजूत दोन उन्हाळे टिकली. मग शेजाऱ्यांचं कंबरेचं ऑपरेशन झालं आणि जत्रेतल्या अँटिक वर्गात एच चालवायला त्यांनी मला बसवलं.

मी इंजिनिअरसारखा गेलो. आकडे काढून, ताकदीचा हिशेब करून. साखळी ताणली, झेंडा हलला आणि मी थ्रॉटल पूर्ण उघडला. ट्रॅक्टर झटक्यानं सुटला, पुढची चाकं हातभर वर उचलली गेली, मी घाबरून क्लच दाबला आणि गाडा थांबला. अर्धासुद्धा पट्टा झाला नव्हता. माझ्यानंतर त्याच वजनाच्या वर्गात एक आजी आल्या, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. त्यांनी जराही घाई न करता, ऐकत ऐकत, गाडा शेवटाला नेऊन सोडला.

शेजारी म्हणाले, ‘तू इंजिनकडे लक्ष दिलंस. ओढतात मागची चाकं.’ आणि मग नेहमीपेक्षा जास्त बोलले. ट्रॅक्टर ओढतो तेव्हा त्याचं वजन मागच्या चाकांवर जातं, हे हवंच असतं, पण प्रमाणात. हूक उंच घेतला तर पकड वाढते, त्याबरोबर पुढचा भाग उचलायला लागतो आणि प्रमाणाबाहेर उंच घेतला तर ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा येतो. म्हणून उंचीचा नियम. टायरमध्ये हवा किती, पुढे टांगायची वजनं किती, माती सकाळी कशी आणि संध्याकाळी कशी, यात सगळी विद्या आहे. नेब्रास्का राज्यानं १९१९ साली कायदाच केला होता की तिथे विकायच्या ट्रॅक्टरची आधी सरकारी चाचणी झाली पाहिजे, कारण कंपन्या वाटेल ती ताकद छापत आणि शेतकरी फसत. त्या चाचणीत बेल्टवरची अश्वशक्ती वेगळी मोजायचे आणि ओढताना हूकवर खरोखर मिळणारी वेगळी. दुसरी नेहमी कमी भरते. ‘छापलेली ताकद आणि ओढलेली ताकद,’ शेजारी म्हणाले, ‘यांच्यातला फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो.’

मग कॉफीचा कप खाली ठेवून त्यांनी त्याच सुरात सांगितलं, ‘माझा पहिला एच पंच्याऐंशी साली गेला.’

मला वाटलं, बिघडला असेल.

फेब्रुवारी १९८५. त्यांच्याच अंगणात लिलाव. ती गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितली, पुढच्या कित्येक शनिवारांत. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, जमीन चढत होती, कर्ज घ्या म्हणून देणारेच मागे लागत. मग १९८० मध्ये रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली. महागाई मोडायला व्याजाचे दर विसाच्या वर गेले. आयोवात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत जमिनीचा भाव जवळपास एक तृतीयांशावर आला, म्हणजे तारण ठेवलेली जमीन कर्जाला पुरेना. त्याच १९८५ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या शँपेनच्या स्टेडियममध्ये विली नेल्सन वगैरे गायकांनी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ नावाची मोठी मैफल केली. शेजारी गेले नव्हते. ‘तोवर मी शेतकरी नव्हतो,’ म्हणाले. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरनं आपला शेतीचा धंदा विकला आणि मे महिन्यात रॉक आयलंडच्या फार्मॉल कारखान्यातून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. ‘मी बुडालो आणि तो बनवणारेही बुडाले,’ एवढंच त्यांचं त्यावरचं भाष्य.

लिलावात ट्रॅक्टर चालू करून दाखवतात, गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला. तो एच थंडीत नेहमी रुसायचा. ‘त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाला,’ शेजारी म्हणाले. ‘मला त्याचा फार राग आला.’

उतारावरून स्वतःच निघून गेलेला आमचा ट्रॅक्टर मला दिसला. तेव्हा मी त्यांना बी-२७५ बद्दल सांगितलं. त्यांनी फक्त ‘कितवं वर्ष?’ असं विचारलं. सत्त्याऐंशी, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

तरीही पूर्ण कबुली अजून द्यायची होती. एका माणसाची गोष्ट कळली म्हणजे एक अपवाद कळला, असं मी स्वतःला सांगत होतो. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही रँटूलला गेलो. बंद पडलेल्या हवाई तळावर दर विषम वर्षी तिथे जुन्या शेतीयंत्रांचा मोठा मेळा भरतो, ‘हाफ सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’. धावपट्टीच्या डांबरावर रांगाच रांगा. लाल फार्मॉल, हिरवे जॉन डिअर, नारिंगी ॲलिस-चामर्स, करडे फोर्ड. बाजूच्या शेतांत खरोखरची नांगरट चालू. तंबूमागे काही म्हातारे पाठ करून बसले होते आणि मागून जाणारा ट्रॅक्टर नुसत्या आवाजावरून ओळखत होते. जॉन डिअरचा जुना दोन सिलिंडरचा कोणीही ओळखतो, त्याचे ठोके लंगडत पडतात. पण हे लोक मॉडेल सांगत, कधी कधी वर्षही.

शेजाऱ्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. तिच्यावर ‘एफबीएच’ आणि पुढे आकडे. त्यांच्या गेलेल्या एचचा नंबर. रांगेत एच दिसला की ते थांबत, ऑपरेशन झालेली कंबर वाकवत आणि क्लच हाउसिंगवरची पट्टी वाचत. मग पुढे. मी मोजत होतो, तिसाच्या पुढे सोडून दिलं. वैतागून इकडेतिकडे पाहिलं, आणि दिसलं की वाकलेले ते एकटे नाहीत. हिरव्यांच्या रांगेत एक जण चष्मा कपाळावर चढवून वाकला होता. नारिंगी रांगेत नवरा वाकलेला आणि बायको वही धरून उभी. लांबवर आणखी दोघे. हे सगळे ट्रॅक्टर बघायला आले असतील अशी माझी समजूत होती. ते आपापला ट्रॅक्टर शोधत होते.

‘ज्यांच्या दारातून कधी ट्रॅक्टर गेला नाही...’ मला माझं वाक्य आठवलं आणि त्या डांबरावर, भर उन्हात, घाम फुटला.

ते वाक्य मी त्यांच्यावर लिहिलं होतं. पण त्याचा पहिला मसुदा मी फार आधी, आणि दुसऱ्याच माणसासमोर, तोंडी म्हटला होता. ट्रॅक्टर गेल्यावर तो शेजारच्या गावातल्या एकानं लिलावात घेतला. आण्णा महिन्यातून एक-दोनदा एसटीनं त्या गावाला जात. काम काही नसे. बांधावर बसत, तो चालताना ऐकत, परत येत. कधी तो आमच्या गावच्या रस्त्यानं गेला तर घास हातात धरून थांबत. ‘आपलाच हाय. पंपाचा आवाज ऐक की,’ म्हणत. मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीला आलो होतो. म्हणालो, ‘आण्णा, लोक हसतात. गेलेल्या वस्तूच्या मागं कशाला फिरायचं?’ त्यानंतर ते गेले नाहीत. ट्रॅक्टर रस्त्यानं गेला तरी जेवत राहिले. २०१४ मध्ये आण्णा वारले. रँटूलला मला जे कळलं ते ऐकायला ते नव्हते, आणि असते तरी मी कसं सांगितलं असतं कोण जाणे.

‘डिझेलची होळी’ मधलं काही मी अजूनही मागे घेत नाही. तीन-चार इंजिनांचे राक्षस सुटले की मी आजही कणसांच्या रांगेत जातो. ज्यांना ट्रॅक्टर म्हणजे शेअर वाटतो, लिलावात बोली लावून घ्यायचा आणि झाकून ठेवायचा, त्यांच्याशी माझं जमत नाही. आणि आपल्याकडे असे मेळे का नाहीत, असा गळाही मला काढायचा नाही. बैलगाडा शर्यतीसाठी आपण २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात भांडलो, कारण बैल देव आहे, बेंदराला त्याची पूजा होते. ट्रॅक्टरचं तसं नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर जुना होत नाही, दुसऱ्याचा होतो. मग तिसऱ्याचा, चौथ्याचा, आणि शेवटी किलोवर भंगारात. शोधत फिरायला मागे काही उरावं लागतं. ते इथे उरलं, हा इथल्या सुबत्तेचा भाग आहेच. तेवढं माझं जुनं वाक्य बरोबर होतं.

पण ओढण्याबद्दल मी साफ चुकलो होतो. शेजारी जत्रेत गाडा का ओढतात, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. बेंदराला आम्ही बैलाला सुट्टी देतो, खांद्याला लोणी-हळद लावतो. तुम्ही म्हाताऱ्या ट्रॅक्टरला उलट ओझ्याला का जुंपता? ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘उभा केला की तो विकायला काढल्यासारखा दिसतो.’

दोन वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमधल्या एका शेतात मला बी-२७५ मिळाला. ब्रिटनमध्ये बनलेला, त्या काळी इकडे काही आयात झाले होते. इथे त्याला फारसं कोणी विचारत नाही, म्हणून परवडला. शेजारी त्याला ‘चहा पिणारा’ म्हणतात. तो सुरू झाला त्या दिवशी मी आवाज फोनवर टिपून गावाकडे थोरल्या भावाला पाठवला. आवाज तोच आहे का, मला सांगता येईना. मी कधी नीट ऐकलाच नव्हता. भावाचं उत्तर रात्री आलं. ‘एक नोझल मारतंय. काढून बघ.’ काढून पाहिलं. मारत होतं.

बॅटरी नवी आहे, सेल्फ एका झटक्यात लागतो आणि शेडसमोर हवी तेवढी सपाट जागा आहे. तरी मी तो उतारावरच लावतो. चाकाखाली दगड मात्र ठेवतो, दोन्ही बाजूंनी.